एका हाताचा शास्त्रज्ञ

दहावीनंतर मला विज्ञान शाखेला जायचे होते. पण लहानपणच्या अपघाताने माझा एक पाय अधू झालेला. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहणे तुला झेपायचे नाही, असे एका हितचिंतकांनी सांगितले आणि मी कला शाखेत आलो. इथे मी रमलो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गेल्या वर्षी जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाविषयी वाचनात आले आणि तो जुना सल्ला पुन्हा आठवला.

समनरचा जन्म १८८७ सालचा, मॅसॅच्युसेट्‌समधील कॅन्टन गावचा. सतराव्या वर्षी शिकारीला गेला असता सोबत्याची गोळी चुकून त्याच्या डाव्या हाताला लागली. हात कोपराखालून कापावा लागला, आणि समनर तर डावखुरा! सारी कामे तो उजव्या हाताने नव्याने शिकला. टेनिससुद्धा खेळू लागला. हार्वर्डमध्ये जीवरसायनशास्त्र शिकायला गेला तेव्हा प्राध्यापक ऑटो फोलिन यांनी, एका हाताने रसायनशास्त्रात निभाव लागणार नाही, त्यापेक्षा वकिली करावी, असे त्याला सुचविले. त्याने ऐकले नाही. १९१४ मध्ये डॉक्टरेट मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागला.

१९१७ मध्ये त्याने एक अवघड काम हाती घेतले: एन्झाइम, म्हणजे विकर, शुद्ध रूपात वेगळे करायचे. विकर करते काय, हे मी विज्ञानाच्या मित्रांकडून समजून घेतले. डोंगरापलीकडचे गाव आपल्या गावापेक्षा सखल असले, तरी तिथे जायला मधला डोंगर चढावाच लागतो. विकर पदरची शक्ती देत नाही, दोन गावांच्या उंचीतला फरकही बदलत नाही. ते फक्त कमी उंचीची खिंड दाखवते. युरिया पाण्यात आपणहून मोडायला वर्षानुवर्षे लागतात. युरिएज हे विकर पाहता पाहता त्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते. विकराला एक खाच असते आणि तिच्यात ठराविकच रेणू बसतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्येच याला कुलूपकिल्लीची उपमा दिली होती. पण ते कुलूप कशाचे घडलेले आहे, हे कोणी सिद्ध केले नव्हते.

समनरने आपल्याकडील अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीन या शेंगेचे दाणे घेतले. शिकवण्याचा भार मोठा, साधने तुटपुंजी. बर्फाची पेटी नव्हती, म्हणून अर्काची नळकांडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तो थंडीच्या रात्रीची वाट पाही. अशी नऊ वर्षे गेली. १९२६ मध्ये ॲसिटोन वापरून काढलेल्या अर्काचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात चिमुकले स्फटिक! ते विरघळवले की युरिया झपाट्याने मोडे. ते स्फटिक प्रथिनाचे होते.

तरीही जर्मनीतील रिचर्ड विलस्टेटर यांच्यासारख्या नोबेल विजेत्याला आणि त्यांच्या शिष्यांना ते पटेना. प्रथिन हे नुसते वाहक, खरे विकर वेगळेच, असे त्यांचे म्हणणे. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा पारडे फिरले. १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा समनरला मिळाला. १९५५ मध्ये तो वारला. त्याच्या युरिएजमध्ये निकेल धातू असतो, हे १९७५ मध्ये कळले. आणि जॅक बीनच्या युरिएजची संपूर्ण रेणुरचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तीही आपल्या मद्रास विद्यापीठातून.

मला सल्ला देणाऱ्यांना माझी काळजीच होती. फोलिन यांनाही समनरची असावी. फरक एवढाच, की समनरने करून पाहिल्याशिवाय तो सल्ला मानला नाही. मी विचारलेसुद्धा नव्हते. यंदा सुट्टीत एका मित्राबरोबर त्याच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहून आलो. तिथे प्रत्येक टेबलाशी उंच स्टूल होते, आणि निम्मी मुले बसूनच काम करीत होती.