एडवर्ड विल्यम लेन आणि त्यांचा अरबी कोश

शाळेंत रोज जी हजेरी घेतली जाते, तिच्यांतील हजर हा शब्द मूळचा अरबी आहे. हुजूर हा शब्दहि त्याच धातूपासून निघाला. हुकूम, हाकीम, हकीम आणि हिकमत हीं तर एकाच घरचीं भावंडें. अरबी भाषेंतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. म्हणून अरबी कोशकारास शब्द सुटासुटा घेऊन भागत नाहीं, सबंध कुळाची वंशावळ मांडावी लागते. हें काम ज्या गृहस्थांनीं चौतीस वर्षें केलें, त्यांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

एडवर्ड विल्यम लेन ह्यांचा जन्म इंग्लंडांतील हेरफर्ड येथें १७ सप्टेंबर १८०१ रोजीं झाला. वडील तेथील कॅथीड्रलचे धर्माधिकारी होते. ते एडवर्ड लहान असतांच वारले. मुलगा गणितांत हुशार होता, परंतु केंब्रिजला न जातां तो लंडनला आपल्या भावाजवळ तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरण्याचा धंदा शिकूं लागला. ह्या धंद्यानें प्रकृति खालावली. फावल्या वेळीं स्वतःच आरंभिलेला अरबीचा अभ्यास मात्र वाढत गेला. उष्ण हवा मानवेल आणि भाषाहि येईल, अशा दुहेरी हेतूनें १८२५ सालीं ते इजिप्तला निघाले.

कैरो शहरांत त्यांनीं तेथील पोषाख घातला, मन्सूर हें नांव घेतलें आणि ते लोकांच्या चालीरीतीप्रमाणें राहूं लागले. परक्या नांवानें वावरणें हें आम्हांस सर्वस्वीं प्रशस्त वाटत नाहीं. पण लेन ह्यांनीं त्या लोकांची कधीं टवाळी केली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. दुसऱ्या वास्तव्यानंतर १८३६ सालीं त्यांनीं इजिप्शियन लोकांच्या रीतिरिवाजांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ति दोन आठवड्यांत संपली. पुढें १८३८ ते १८४० ह्या काळांत अरबी भाषेंतील सुरस गोष्टींचें भाषांतर निघालें. अनुचित वाटलेला भाग त्यांनीं गाळला आणि टीपा इतक्या विस्तृत दिल्या कीं, मुलें गोष्टी वाचतात व पंडित टीपा वाचतात.

पुढील कामापुढें हीं दोन्ही कामें लहानच ठरतात. १८४२ सालीं लॉर्ड प्रुडो ह्यांनीं खर्चाचा भार उचलला आणि लेन तिसऱ्यांदा कैरोस गेले. ह्या खेपेस पत्नी नफीसा, बहीण सोफिया पूल आणि तिचे दोन मुलगे बरोबर होते. नफीसा ही मूळची ग्रीक, बालपणींच गुलामगिरींत सांपडलेली. परपुरुषास जनानखान्याचा उंबरठा बंद असे. तेथें सोफियाबाई गेल्या आणि जें पाहिलें त्यावर त्यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें.

लेन ह्यांनीं आधारास घेतलेला मुख्य ग्रंथ म्हणजे ताजुल अरूस, अर्थात् नवरीचा मुकुट. त्याचा कर्ता मुर्तझा झबीदी हा आपल्या हिंदुस्थानांतील बिलग्रामचा. १७३२ सालीं जन्मलेला हा पुरुष येमेनमार्गें कैरोस गेला, तेथें चौदा वर्षें खपून त्यानें हा कोश रचला आणि १७९१ सालीं तेथेंच प्लेगानें त्याचा अंत झाला. अयोध्येच्या मुलखांतील मुलानें अरबांना त्यांच्याच भाषेचा कोश करून द्यावा, ह्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

तो ग्रंथ त्या वेळीं हस्तलिखितांतच होता. त्याची नक्कल करावयास तेरा वर्षें लागलीं आणि चोवीस खंड भरले. इब्राहीम दसूकी नांवाचे विद्वान् शेख मूळ प्रत पुढें ठेवून लेन ह्यांच्याबरोबर ओळ न् ओळ ताडून पाहात. नुक्ता चुकला तर शब्द बदलतो, मग धातु बदलतो, आणि सबंध कुळाचाच घोंटाळा होतो. हें ताडून पाहाण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें.

१८४९ सालीं लेन मायदेशीं परतले, तें पुन्हां इजिप्तला गेले नाहींत. समुद्रकांठच्या वर्दिंग गांवीं त्यांनीं बिऱ्हाड केलें. तेथें सकाळपासून रात्रीपर्यंत कोश चाले. रविवार मात्र त्यांनीं पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठीं राखून ठेविला होता. पहिला भाग निघावयास १८६३ साल उजाडलें. १८६५ त आश्रयदाते वारले. त्यांच्या पत्नीनें मदत चालू ठेविली. १८७४ पर्यंत पांच भाग छापून झाले. वय सत्तरीच्या पुढें गेलें होतें आणि पुढें अजून बरीच अक्षरें राहिलीं होतीं. १० ऑगस्ट १८७६ रोजीं मृत्यु आला तेव्हां हात काफ् ह्या अक्षरावर, म्हणजे अठ्ठावीसांपैकीं एकविसाव्यावर होता.

सोफियाबाईंचे नातू स्टॅन्ले लेन-पूल ह्यांनीं राहिलेले तीन भाग १८९३ पर्यंत छापविले. त्यांतील शेवटच्या अक्षरांस लेन ह्यांचीं अपुरीं टिपणेंच काय तीं मिळालीं. पुढें जर्मन पंडितांनीं नवा कोश हातीं घेतला. त्याचा पहिला अंक १९५७ सालीं निघाला. पण तो अलिफपासून नव्हे, तर जेथें लेन थांबले त्याच्या पुढच्या अक्षरापासून. अनेक माणसें खपून त्यांचीं दोन अक्षरें पुरीं झालीं आणि २००९ सालीं तेंहि काम थांबलें.