डॉक्टरांचे उघडे गुपित

रोज दारू पिणाऱ्या माणसाला रात्रीपेक्षा सकाळ अवघड जाते. रात्रभर शरीरातली दारू उतरत जाते आणि पहाटे हाताला कंप सुटतो, घाम फुटतो, छाती धडधडते. कचेरीत बसणारा माणूस असा हात टेबलाखाली लपवू शकतो. सर्जनला ती सोय नसते. तरीही अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात एका सर्जनने आपले व्यसन वर्षानुवर्षे लपवले. निदान आपण ते लपवले आहे, असे त्यांना वाटत होते. त्यांचे नाव डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ. पुढे ‘डॉ. बॉब’ या नावाने ते जगभर ओळखले गेले. बिल विल्सन यांच्यासोबत त्यांनी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजेच ‘ए. ए.’ची सुरुवात केली.

व्यसनाबद्दल कामाच्या ठिकाणी सांगावे की नाही, सांगितले तर पोट कसे चालेल, हा प्रश्न आज अनेक घरांत रात्री उशिरापर्यंत चर्चेला असतो. डॉ. बॉब यांनाही तो पडला होता.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्सबरी येथे झाला. वडील न्यायाधीश होते, घरात धर्म आणि शिस्त कडक होती. डार्टमथ कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा मोकळीक मिळाली आणि पिणे सुरू झाले. कितीही प्यायले तरी दुसऱ्या दिवशी त्यांचे डोके दुखत नसे. मित्रांना याचे कौतुक वाटे. ज्याला दारू फारशी ‘चढत’ नाही, त्याला व्यसनाचा धोका जास्त असतो, हे वैद्यकशास्त्राला नंतर कळले. शरीर थांबण्याची खूण देत नाही आणि प्रमाण वाढत जाते.

१९०२ मध्ये पदवी घेऊन त्यांनी तीन वर्षे नोकरी-व्यवसायात काढली आणि मग मिशिगन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केले. तिथे पिण्यामुळे अभ्यास कोलमडला आणि त्यांना ते कॉलेज सोडावे लागले. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, पण अखेरच्या परीक्षेत हात इतका कापत होता की पेन धरता येईना. त्यांनी उत्तरपत्रिका कोऱ्याच दिल्या. कॉलेजने त्यांना हाकलले मात्र नाही. आणखी दोन सत्रे थांबायचे आणि त्या काळात दारूला शिवायचे नाही, अशी अट घातली. ती अट त्यांनी पाळली आणि १९१० मध्ये ते डॉक्टर झाले. त्यानंतर अ‍ॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये दोन वर्षे प्रशिक्षणार्थी म्हणून काढली. काम इतके होते आणि देखरेख इतकी होती, की त्या दोन वर्षांत पिणे जवळजवळ झालेच नाही.

त्यांच्या चरित्रातला हा भाग सहसा नजरेआड होतो. संस्थेला व्यसन माहीत होते, तिने स्पष्ट अट घातली आणि सोबत संधीही दिली, तेव्हा हा माणूस सावरला होता.

स्वतःचा दवाखाना, स्वतःचा पहारा

१९१२ मध्ये त्यांनी अ‍ॅक्रनमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला. आता हिशेब विचारणारे कोणी उरले नाही. पिणे पुन्हा सुरू झाले. अनेकदा उपचारांसाठी दाखल व्हावे लागले. एकदा वडिलांनी माणूस पाठवून त्यांना गावी नेले. १९१५ मध्ये अ‍ॅन रिपली यांच्याशी लग्न झाले. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली तेव्हा आता आपण आपोआप सुटू, असे त्यांना वाटले. पण औषधासाठी म्हणून डॉक्टरांना अल्कोहोल मिळत असे आणि चोरटी दारूही दारापर्यंत येत असे.

त्यांनी स्वतःशी एक नियम ठरवला होता. पैसे मिळवले नाहीत तर दारू मिळणार नाही, म्हणून सकाळी काम संपेपर्यंत प्यायचे नाही. सकाळचा कंप थांबवण्यासाठी ते झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचे मोठे डोस घेत. दारू आणि ही औषधे मेंदूला एकाच प्रकारे शांत करतात, त्यामुळे औषधाने दारूची कमतरता तात्पुरती झाकली जाते. व्यसन तसेच राहते, त्यात औषधाची सवय जडते आणि दोन्ही एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. अशा अवस्थेत ते रुग्णांना तपासत होते, शस्त्रक्रिया करत होते.

घरी बाटल्या कोळशाच्या साठ्यात, तळघरात, दाराच्या चौकटीवर लपवलेल्या असत. कधी ते खोट्या नावाने हॉटेलात राहत. मुलगा, मुलगी, पत्नी यांना दिलेली वचने मोडत गेली. रुग्ण कमी झाले, कर्ज वाढले, घर गहाण पडले. एक प्रतिष्ठित सर्जन आपली अर्धी ताकद रोगावर आणि अर्धी तो झाकण्यावर खर्च करत होता.

सांगितले, पण दारू सुटली नाही

१९३३ पासून डॉ. बॉब आणि अ‍ॅन ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक मंडळाच्या बैठकांना जात होते. १९३५ च्या वसंतात एका छोट्या बैठकीत त्यांनी पहिल्यांदा कबूल केले, की आपण लपून पितो आणि आपल्याला थांबता येत नाही. ऐकणाऱ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मन हलके झाले, पण पिणे चालूच राहिले. व्यसन उघड करणे म्हणजे उपचार नव्हे, हे इथे दिसते.

काही आठवड्यांनी, १२ मे रोजी, त्यांची न्यूयॉर्कच्या बिल विल्सन यांच्याशी भेट झाली. विल्सन शेअर बाजारातले, धंद्यासाठी अ‍ॅक्रनला आलेले आणि पाच महिन्यांपासून दारू सोडलेले. तो व्यवहार फसला होता आणि पुन्हा पिऊ या भीतीने ते बोलायला दुसरा पिणारा माणूस शोधत होते. डॉ. बॉब यांनी त्यांना पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले होते. दोघे सहा तास बोलत बसले. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचे सांगत होता. डॉक्टरांसाठी हे नवे होते.

विल्सन पुढे त्यांच्याच घरी राहायला आले. ज्यांना आपल्या पिण्याचा त्रास झाला त्यांना भेटून सांगावे, असा विषय निघाला तेव्हा मात्र डॉ. बॉब अडून बसले. गाव छोटे आहे, ही गोष्ट फुटली तर रुग्ण येणार नाहीत, व्यवसाय बुडेल, मुलाबाळांनी खायचे काय, असे त्यांचे म्हणणे होते. बाकी सारे करायची तयारी होती, एवढे सोडून.

जूनमध्ये ते डॉक्टरांच्या अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेले. गाडीतच प्यायला सुरुवात झाली. परतल्यावर ते शुद्धीत नव्हते आणि काही दिवसांतच एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. विल्सन आणि अ‍ॅन यांनी त्यांना कसेबसे उभे केले. शस्त्रक्रियेच्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून विल्सन यांनी त्यांना बिअरची एक बाटली दिली. आजच्या नियमांत आणि नीतीत हे मुळीच बसत नाही. अशा डॉक्टरने त्या दिवशी शस्त्रक्रिया न करणे हेच योग्य. सुदैवाने रुग्णाला काही झाले नाही. ए. ए.च्या परंपरेत हा दिवस १० जून १९३५ असा मानला जातो आणि ती बिअर डॉ. बॉब यांचे शेवटचे पिणे ठरले.

शस्त्रक्रिया संपली तरी डॉक्टर घरी आले नाहीत. तासांमागून तास गेले. घरच्यांना वाटले, पुन्हा गुत्त्यावर गेले. ते गेले होते लोकांना भेटायला. गाडी काढून एकेक दार गाठत, मनात धास्ती असताना, ज्यांची त्यांना सर्वांत जास्त भीती वाटत होती त्यांना ते आपला आजार सांगत फिरले. ज्यांचे पैसे थकले होते, ज्यांना दुखावले होते, त्यांना भेटले. लोकांनी त्यांना चांगले वागवले. आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, ती म्हणजे बहुतेकांना हे आधीच माहीत होते.

थोड्याच दिवसांनी याची आणखी एक खूण मिळाली. दुसऱ्या एखाद्या व्यसनी माणसाला मदत करावी म्हणून डॉ. बॉब यांनी सिटी हॉस्पिटलमधल्या परिचारिकेला फोन केला आणि दारूवर नवा उपाय सापडल्याचे सांगितले. तिने पहिला प्रश्न विचारला, तो उपाय डॉक्टरांनी स्वतःवर करून पाहिला आहे ना! ज्या रुग्णालयापासून ते इतकी वर्षे गुपित राखत होते, तिथल्या परिचारिकेला सारे ठाऊक होते. तिने सुचवलेला रुग्ण, एक वकील, पुढे दारूमुक्त झाला.

कोणाला सांगायचे, कोणाला नाही

सारे लगेच सुरळीत झाले नाही. व्यवसाय सावरायला वेळ लागला, कर्ज फिटायला वर्षे गेली. पण डॉक्टरकी बुडाली नाही. लपवण्यात जाणारी ताकद कामाला आली. १९३९ पासून सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया यांच्यासह त्यांनी व्यसनी रुग्णांवर उपचार केले. दारूचा रुग्ण म्हटले की तेव्हा रुग्णालये दार लावत, म्हणून पहिल्या रुग्णाच्या कागदावर जठराचा दाह असे निदान लिहावे लागले. डॉ. बॉब यांच्या हयातीत तिथे सुमारे पाच हजार जणांवर उपचार झाले आणि त्यासाठी त्यांनी फी घेतली नाही. १६ नोव्हेंबर १९५० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. साडेपंधरा वर्षांत त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. त्यांच्या कबरीवर ए. ए.चा उल्लेख नाही.

ज्याने गावभर फिरून आपला आजार सांगितला, त्यानेच नाव गुप्त ठेवणारी संघटना उभी केली. यात विसंगती नाही. ज्यांना आपल्या पिण्याची झळ बसते त्यांना सांगायचे, इतरांना सांगण्याचे बंधन नाही.

आज हा निर्णय घेणाऱ्याने क्रम लक्षात ठेवावा. आधी डॉक्टरला सांगावे आणि तेही खरे प्रमाण सांगावे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम आपल्या मनाने बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. उपचार सुरू झाले की मग कामावर बोलावे, आणि बोलताना रजा किती लागेल, उपचार कुठे चालू आहेत, हेही सांगावे. रश कॉलेजने घातली तशी अट कोणी घातली तर ती अपमान समजू नये. सगळ्या सहकाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक आजारालाही लागू आहे आणि त्यात रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे.

मात्र ज्याच्या हातात गाडीचे स्टिअरिंग, कारखान्यातले यंत्र किंवा रुग्णाचा जीव आहे, त्याला थांबायला वेळ नाही. त्याने त्या कामापासून आधी दूर व्हावे, मग बाकीचे ठरवावे. कोणी नोकरी देणारा समजून घेईल, कोणी घेणार नाही. पण उपचार चालू असताना स्वतः सांगणारा माणूस आणि अपघातानंतर पकडला गेलेला माणूस यांच्याकडे एकाच नजरेने पाहिले जात नाही.

ए. ए.च्या बैठका महाराष्ट्रातही अनेक शहरांत होतात आणि तिथे आडनाव विचारले जात नाही. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली मानस’ १४४१६ या दोन्ही मोफत आहेत. डॉ. बॉब यांना सांगण्यासाठी पहिला माणूस मिळायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. आज तो एका फोनवर मिळू शकतो.