सावित्रीबाई आणि एका विद्यार्थिनीचा निबंध

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचं लग्न झालं. जोतीरावांनीच त्यांना लिहा-वाचायला शिकवलं. पुढे मिशनच्या शिक्षिकांकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले.

१८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. बाईनं शिकणंच जिथे पाप, तिथे शिकवणाऱ्या बाईची काय गत! जाता-येता लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत. १८४९ मध्ये नवराबायकोला सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. पण काम थांबलं नाही. मुलींसाठी आणि महार-मांगांच्या मुलांसाठी आणखी शाळा निघाल्या.

इथवरची गोष्ट आपल्याला पाठ असते. आता त्या शाळेतून काय लिहून बाहेर पडलं, तेही पाहू.

१८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेली मुलगी आता कवयित्री झाली होती. आपल्या बाईंचं पुस्तक निघतं, ही विद्यार्थिनींसाठी केवढी मोठी गोष्ट असेल!

पुढच्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता मांग समाजातली. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलं. पेशवाईत या माणसांवर झालेले जुलूम तिनं मांडले. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगितले. ज्यांना धर्मग्रंथ बघायचीही बंदी, त्यांचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल देवालाच केला. आणि आपल्या लोकांना शिकण्याची विनवणीही केली.

हा निबंध 'ज्ञानोदय'नं १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. 'ज्ञानोदय' म्हणजे अमेरिकन मराठी मिशननं १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेलं नियतकालिक. शाळेच्या भिंतीआड राहिला असता तर हा निबंध वर्गासोबतच संपला असता. छापला गेला म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतरही तो आपल्याला वाचता येतो. दलित स्त्रीच्या लेखनाचा इतिहास आज त्याच्यापासून सांगितला जातो.

सावित्रीबाईंचं काम पुढेही चालूच राहिलं. विधवांच्या बाळंतपणाची सोय, दुष्काळातली अन्नछत्रं, सत्यशोधक समाज, सगळीकडे त्या होत्या. १८९० मध्ये जोतीराव गेले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा त्या रोग्यांच्या सेवेत उतरल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगानं त्यांचा मृत्यू झाला.

मित्रांनो, मुक्ताचा निबंध गुळगुळीत नव्हता. मोठ्यांना टोचेल असंच त्यात बरंच होतं. शिकवणाऱ्यांनी तिला लिहायचं बळ दिलं आणि छापणाऱ्यांनी तिला जागा दिली. आपल्या मंडळाच्या अंकासाठी लेख मागवले, की निम्मे जण "सर, माझं काय छापण्यासारखं आहे?" असं म्हणून वही मिटतात. त्यांनी एकदा मुक्ताचं वय आठवावं, आणि वही उघडावी.