डॉ. सालिम अली आणि किहीमचे सुगरण पक्षी

सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. बालपणीच आईबापांचे छत्र हरपल्यामुळे मामांनी त्यांचा सांभाळ केला. बर्लिन येथे पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३० साली परत आले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली! पदरी विद्या, परंतु हाताला काम नाही. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळ किहीम येथे बिऱ्हाड केले.

पावसाळ्यात घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. सालिम अली ती तासन्‌तास न्याहाळीत बसत. नाव स्त्रीचे, पण विणकर मात्र नर! तो पात्यांचे धागे आणून घरटे अर्धेच विणतो. मग माद्या येऊन आतून पारख करतात; घर पसंत पडले, तरच घरधन्याचा स्वीकार. (आपल्याकडील वधूपरीक्षेच्या अगदी उलट प्रकार!) त्यानंतर नर दाराची लांब नळी पुरी करतो. मादी अंडी उबवू लागते आणि हे महाशय शेजारीच दुसरीसाठी नवे घरटे विणावयास घेतात! पिले उडून जाईपर्यंतचा बहुतेक भार एकट्या आईवर. हा क्रम त्यापूर्वी कोणी नीट उलगडला नव्हता.

१९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, आणि या बेकार गृहस्थाचे नाव जाणत्यांच्या तोंडी आले. पुढे हैदराबाद, त्रावणकोर इत्यादी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. तेहमिनाबाई १९३९ सालीच निवर्तल्या. सालिम अली यांचे देहावसान २० जून १९८७ रोजी झाले.