कोरटकर की विद्यालंकार?

सीमाभागात माणसाची ओळख विचारली की पहिला प्रश्न भाषेचा निघतो. घरात कोणती, शाळेत कोणती, कचेरीत कोणती? बॅ. विनायकराव कोरटकर यांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निरनिराळी होती.

हैदराबाद संस्थानातील नामांकित वकील व पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर हे त्यांचे वडील. घर मराठी, कोर्टदरबार उर्दू. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी ही मराठी शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत केशवराव होते. मुलाला मात्र त्यांनी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात धाडले. तेथे शिक्षण हिंदीतून. तेथील ‘विद्यालंकार’ ही पदवी पुढे विनायकरावांचे जणू दुसरे आडनावच झाली.

भाषेचा अभिमान कुठे चुकतो, हेही हैदराबादने पाहिले. १९२१ साली विवेकवर्धिनीच्या सभागृहात समाजसुधारणा परिषद भरली. मराठी, इंग्रजी, उर्दू भाषणे लोकांनी ऐकली. पण आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूतून बोलू लागताच त्यांची टिंगल झाली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ उभा राहिला.

विनायकराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, हैदराबादेत वकिली करू लागले, संस्थानातील आर्य समाजाचे पुढारी झाले. १९३८-३९ च्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. संस्थान विलीन झाल्यावर ते मंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते बेगम बाजारातून विधानसभेवर गेले. बेगम बाजार म्हणजे घाऊक व्यापाराची पेठ. तेथील गल्ल्यांत हिंदी, मारवाडी, उर्दू चालणार. मराठी मतांवर निवडून येण्याची ती जागा नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात. विनायकराव हैदराबादेतच राहिले आणि १९५७ साली त्याच शहरातून लोकसभेवर गेले. १९६२ साली त्यांचे निधन झाले. लोकसभेच्या यादीत ते कोरटकर आहेत, लोकांच्या तोंडी विद्यालंकार राहिले.

आडनाव त्यांना घराण्याने दिले, पदवी गुरुकुलाने. किंमत मात्र शेजाऱ्यांनी ठरवली, आणि ती कामावरून ठरवली. राज्याबाहेरच्या मराठी माणसाला स्वतःची शाळा हवी, ही मागणी रास्तच आहे. पण देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला आपण तोच मान देतो काय, हेही सीमाभागातील प्रत्येक मराठी वाचकाने स्वतःला विचारावे.