विल्यम स्टीफन जेकब

विल्यम स्टीफन जेकब (१९ नोव्हेंबर, इ.स. १८१३ - १६ ऑगस्ट, इ.स. १८६२) हे ब्रिटिश लष्करी अभियंता व खगोलशास्त्रज्ञ होते. पुणे आणि मद्रास येथून त्यांनी युग्मताऱ्यांचे वेध घेतले. ७० ऑफियुची या युग्मताऱ्याभोवती ग्रह असावा असे अनुमान त्यांनी इ.स. १८५५ मध्ये मांडले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाविषयी वेधांच्या आधारे केलेल्या अगदी सुरुवातीच्या दाव्यांत त्याची गणना होते.

प्रारंभिक जीवन
जेकब यांचा जन्म इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात वूलाव्हिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील तेथील धर्मोपदेशक होते. ॲडिसकोम येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते मुंबई इलाख्याच्या अभियंता दलात दाखल झाले आणि इ.स. १८३१ मध्ये हिंदुस्थानात येण्यास निघाले. सर्वेक्षणाच्या कामानिमित्त त्यांचे पुण्यात वास्तव्य होते. इ.स. १८४२ मध्ये त्यांनी तेथे स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. पुढे कॅप्टन हा हुद्दा मिळाल्यावर कंपनीची नोकरी सोडून त्यांनी स्वतःला विज्ञानकार्यास वाहून घेतले.

पुण्यातील वेध
इंग्लंडमधून क्षितिजालगत दिसणारे दक्षिणेकडील तारे पुण्याहून पुरेशा उंचीवर दिसतात. वृश्चिक तारकासमूहातील न्यू स्कॉर्पी हा नुसत्या डोळ्यांना अंधूक दिसणारा तारा लंडनच्या आकाशात २० अंशही वर येत नाही. पुण्यात तो ५० अंशांहून अधिक उंची गाठतो. या ताऱ्याला एक मंद सोबती आहे. हा सोबती स्वतःच दोन ताऱ्यांचा बनलेला असून ही एकूण त्रयी असल्याचे जेकब यांनी इ.स. १८४७ मध्ये नोंदवले. पुढे मुख्य ताराही एकेरी नसल्याचे आढळले. आज ही सात ताऱ्यांची बहुतारा प्रणाली मानली जाते. पुण्यात वेध घेतलेल्या २४४ युग्मताऱ्यांची सूची जेकब यांनी इ.स. १८४८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली.

मद्रास वेधशाळा
डिसेंबर, इ.स. १८४८ मध्ये त्यांची मद्रास वेधशाळेच्या संचालकपदी नेमणूक झाली. शनीचे अंधूक आतील कडे पारदर्शक असल्याचे त्यांना इ.स. १८५२ मध्ये दिसले. विल्यम लॅसेल यांनीही जवळजवळ त्याच वेळी ही गोष्ट टिपली होती.

भुजंगधारी तारकासमूहातील ७० ऑफियुची या जोडीचे तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. त्यांची प्रत्यक्ष स्थाने व गणिताने काढलेली कक्षा यांत जेकब यांना तफावत आढळली. एखाद्या अदृश्य ग्रहाच्या आकर्षणामुळे ती पडत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा ग्रह पुढील निरीक्षणांत आढळला नाही. तथापि ताऱ्याच्या गतीतील सूक्ष्म विचलनावरून न दिसणाऱ्या सोबत्याचा शोध घेण्याचे तत्त्व पुढेही उपयोगात राहिले.

अखेरचा प्रकल्प व मृत्यू
मद्रासचे हवामान जेकब यांच्या प्रकृतीस मानवले नाही. त्यांना दोनदा मायदेशी जावे लागले. नवे याम्योत्तर यंत्र वेधशाळेत मार्च, इ.स. १८५८ मध्ये पोहोचले, परंतु महिन्याभरातच त्यांनी मद्रास सोडले. इ.स. १८५९ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला. १८ जुलै, इ.स. १८६० रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी स्पेनला गेलेल्या मोहिमेत ते सहभागी होते.

पुण्याजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचीवर वेधशाळा उभारण्याची योजना त्यांनी मांडली. उंचावरील विरळ व स्वच्छ हवेत मंद तारे आणि निकटच्या जोड्या अधिक स्पष्ट दिसतात. या योजनेसाठी ब्रिटिश संसदेने इ.स. १८६२ मध्ये १,००० पौंड मंजूर केले. ९ इंची विषुववृत्तीय दूरदर्शक जेकब यांनी स्वखर्चाने घेतला आणि तीन वर्षे तेथे काम करण्याचे मान्य केले. ८ ऑगस्ट, इ.स. १८६२ रोजी ते मुंबईत उतरले. पुण्यास पोहोचल्यावर १६ ऑगस्ट रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यामुळे नियोजित वेधशाळेत काम सुरू करणे त्यांना शक्य झाले नाही.