उपेंद्रकिशोर रायचौधुरी : वहीतील चित्रापासून छापखान्यापर्यंत

आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग जिल्ह्यातील मसुआ या गावी १८६३ साली कामदारंजन राय या बालकाचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असताना नात्यातील एका निपुत्रिक जमीनदारांनी त्याला दत्तक घेतले आणि घराबरोबर त्याचे नावही पालटले. बंगाली बालसाहित्याचे एक आद्य शिल्पकार उपेंद्रकिशोर रायचौधुरी ते हेच.

शाळेत हा मुलगा बुद्धिमान गणला जाई. परंतु त्याचे मन पाठ्यपुस्तकांपेक्षा बासरीत आणि चित्रांत अधिक रमे. एकदा बंगालचे नायब राज्यपाल सर ॲशली ईडन शाळेच्या भेटीस आले असता, या विद्यार्थ्याने वर्गात बसल्या बसल्या वहीत त्यांचेच चित्र रेखाटले, अशी आठवण सांगितली जाते. वही पाहुण्यांच्या हाती गेली. शिक्षा होईल असे वाटत असताना पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली आणि ही कला सोडू नकोस, असे बजावले. शिक्षकांची काळजीही अनाठायी नव्हती. पण १८८० साली तो शिष्यवृत्तीसह प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढे कलकत्त्यात पदवीधरही झाला. विद्यार्थीदशेतच तो मुलांच्या मासिकांत लिहू लागला होता.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते एका अपेक्षाभंगाने. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणासाठी त्यांनी स्वतः चित्रे काढली. त्या काळी चित्र छापायचे, तर कारागीर ते लाकडी ठशावर कोरत असे. पुस्तक हाती आले तेव्हा त्या चित्रांची पार रया गेलेली होती. दुसरा एखादा लेखक हळहळून गप्प बसला असता. यांनी मात्र विलायतेहून यंत्रसामग्री मागवली आणि १८९५ साली स्वतःचाच व्यवसाय उभारला. बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या काचेतून चित्राचे छायाचित्र घेऊन लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा उमटवण्याची ‘हाफटोन’ पद्धत त्यांनी पुस्तके वाचून आणि प्रयोग करून आत्मसात केली. काच किती अंतरावर ठेवावी, भिंगाचे छिद्र किती असावे, याचे गणित त्यांनी मांडले. कलकत्त्यातील घरात बसून केलेल्या या संशोधनावरचे त्यांचे लेख १८९७ पासून लंडनच्या ‘पेनरोज’ या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध होऊ लागले.

१९१० साली त्यांनी पूर्व बंगालातील आयाबायांच्या तोंडच्या गोष्टी ‘टुनटुनीर बोई’ या पुस्तकात संकलित केल्या, तर १९१३ साली ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. संदेश म्हणजे निरोप आणि बंगालची लाडकी मिठाईही. लेखन, चित्रे, छपाई सारे घरचेच. पुढे गारपार रोडवर एकाच वास्तूत घर आणि छापखाना नांदू लागले. हे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. डिसेंबर १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी, मधुमेहाने त्यांचे निधन झाले. मासिकाची धुरा इंग्लंडहून मुद्रणकला शिकून आलेल्या सुकुमार या पुत्राने वाहिली. परंतु १९२३ साली तोही गेला. काही वर्षांतच व्यवसाय बुडाला आणि घरही सोडावे लागले.

त्या घरात सुकुमार यांचा एक लहानगा मुलगा वावरत असे. आजोबांना त्याने कधी पाहिले नव्हते. तो छापखान्यात जाऊन आपल्या रेघोट्यांचा कागद तेथील कामगाराच्या हाती देई आणि हे ‘संदेश’साठी आहे, असे सांगे. कामगारही मान डोलावून तो कागद ठेवून घेई. तो मुलगा म्हणजे सत्यजित राय. १९६१ साली त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केले, त्यासाठी लिहिले, चित्रे काढली. आणि १९६९ साली आजोबांच्याच गुपी-बाघाच्या गोष्टीवर चित्रपट केला.